डॉक्टरांना ‘हल्ली विसरतात’ एवढेच सांगून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. त्या सुमारास वृत्तपत्रांतून स्मृतिभ्रंशाच्या लक्षणांच्या याद्या येतात आणि त्या यायलाच हव्यात. पण यादी वाचून ज्या घराला शंका येते, त्या घराने दवाखान्यात जाऊन नेमके काय बोलायचे, सोबत काय न्यायचे, काय विचारायचे, हे सहसा कुणी सांगत नाही. आम्ही या रुग्णांसोबत काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक आहोत. निदान उशिरा होण्याचे किंवा चुकण्याचे एक मोठे कारण केबिनमधल्या त्या पाच-सात मिनिटांच्या बोलण्यात असते, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहितो आहोत.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी अंदाजे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. खेड्यात मेंदूविकारतज्ज्ञ नसतो. पहिली भेट गावातल्या किंवा तालुक्याच्या नेहमीच्या डॉक्टरांशीच होते, आणि ती नीट झाली तर निम्मे काम तिथेच होते.

बहुतेक घरे डॉक्टरांसमोर बसल्यावर एकच वाक्य बोलतात: ‘हल्ली फार विसरतात.’ त्यावर ‘वय झालं, चालायचंच’ असे उत्तर मिळते, नाहीतर थेट एमआरआयची चिठ्ठी हाती येते. चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे, ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी न सुचणे आणि तासाभराने सुचणे, हे वयाबरोबर येते. काल पाहुणे येऊन जेवून गेले ही घटनाच मनातून जाणे आणि आठवण करून दिल्यावरही ‘कोण आलं होतं?’ असे विचारणे, हे वयाचे नव्हे. डॉक्टरांना हा फरक कळावा म्हणून उदाहरणे लागतात. ती ऐनवेळी सुचत नाहीत. म्हणून घरूनच एक कागद लिहून न्यावा.

कागद एकाच पानाचा असावा. वर वय, शिक्षण कितवीपर्यंत, आयुष्यभर काय काम केले आणि घरात कोणती बोली बोलतात, ते लिहा. मग पहिला बदल कोणता आणि केव्हाचा. तारीख आठवत नसेल तर सणाचा आधार घ्या. ‘मागच्या दिवाळीत चकलीची भाजणी स्वतः केली, यंदा डाळींचे प्रमाणच सांगता आले नाही’ या एका ओळीतून डॉक्टरांना काळही कळतो आणि कोणती क्षमता गेली तेही कळते. ‘एकच प्रश्न अर्ध्या तासात पाच वेळा विचारतात’, ‘दुधाचा हिशेब तीस वर्षे ठेवत होत्या, आता जमत नाही’, ‘देवळातून घरी येताना दोनदा रस्ता चुकले’, ‘बीपीची गोळी घेतली हे विसरून पुन्हा घेतली’, ‘गॅस चालू ठेवून बाहेर आल्या’, अशी पाच-सहा वाक्ये पुरेत. पेन्शन काढणे, मोबाइल लावणे, औषधे घेणे, स्वयंपाक, आंघोळ, कपडे घालणे, यांतले काय अजून स्वतः करतात आणि कशात मदत लागते, हेही लिहा. स्मृतिभ्रंशाचे निदान स्मरणशक्ती कमी होण्यावरच ठरत नाही, त्यामुळे रोजच्या व्यवहाराला बाध येतो का, यावर ठरते.

बदल कसा वाढत गेला, हे सर्वांत महत्त्वाचे. महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढत गेलेला असेल तर अल्झायमरची शक्यता पुढे येते. काही काळ तसेच, मग एकदम घसरण, पुन्हा काही काळ तसेच, अशा पायऱ्या असतील तर मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विचार करावा लागतो. बीपी, शुगर, आधी येऊन गेलेला अर्धांगाचा झटका यांची माहिती तेव्हा कामाची. एकाच दिवसात कधी लख्ख, कधी गोंधळलेले, घरात नसलेली माणसे किंवा लहान मुले दिसतात, झोपेत हातपाय मारतात, चालणे आखडले आहे, अशी जोडी असेल तर लेवी बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा प्रकार असू शकतो आणि त्यात काही औषधे घातक ठरतात. विसरणे फारसे नाही, पण पन्नाशी-साठीच्या माणसाचा स्वभावच बदलला, लाजलज्जा सुटली, वायफळ खर्च सुरू झाला, गोड खाण्याचा हव्यास लागला, तर मेंदूच्या पुढच्या भागाच्या आजाराचा संशय घ्यावा लागतो. अशा माणसांना वर्षानुवर्षे ‘वाया गेला’ किंवा ‘म्हातारचळ’ म्हणून घरात वागवले जाते, याचे फार वाईट वाटते.

आणि हे सगळे दोन-चार तासांत किंवा दोन-चार दिवसांत झाले असेल, तर कागद लिहीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. अचानक आलेला गोंधळ, ग्लानी, बरळणे यामागे लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, सोडियम उतरणे, शुगर उतरणे, लघवी तुंबणे, डोक्याला मार, कधी हृदयविकाराचा झटकासुद्धा असतो. आधीच स्मृतिभ्रंश असलेल्या माणसातही असा अचानक फरक पडला तर ‘आजार वाढला’ असे समजून घरी थांबू नये.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलतो. रुग्णाला दवाखान्यात बहुतेक वेळा मुलगा घेऊन येतो. तो नोकरीच्या गावाहून दोन दिवसांसाठी आलेला असतो आणि रात्री किती वेळा उठतात, याचे उत्तर त्याच्याकडे नसते. ज्या सुनेने, पत्नीने किंवा कामाला ठेवलेल्या मावशींनी चोवीस तास पाहिलेले असते, त्या घरी राहतात किंवा केबिनच्या दाराशी उभ्या असतात. जो सोबत राहतो त्याने बोलायला हवे. डॉक्टरांनीही ‘रात्री त्यांच्याजवळ कोण असतं?’ हे पहिल्या दोन मिनिटांत विचारून त्या माणसाला खुर्ची द्यावी. सुनेवर पाटल्या चोरल्याचा आळ, नवऱ्यावर संशय, कपड्यांत लघवी होणे, शिवीगाळ, हात उगारणे, या गोष्टी घरे लाजेने लपवतात. ही आजाराची लक्षणे आहेत आणि निदानाला त्यांचा उपयोग होतो. रुग्णासमोर बोलवत नसेल तर कागदावर लिहा आणि केसपेपरसोबत कागद आधीच आत पाठवा. बीपी-वजन घ्यायला रुग्ण परिचारिकेजवळ बसला असताना डॉक्टर कागद वाचू शकतात आणि दोन वाक्ये बोलूही शकतात. रुग्णासमोर त्याच्या चुकांचा पाढा वाचला की तो चिडतो किंवा मिटून जातो, आणि मग तपासणी नीट होत नाही.

कागदाबरोबर औषधांची पिशवी न्या. नावे लिहून नेऊ नका, स्ट्रिपा, बाटल्या, पुड्या सगळे उचलून न्या. मेडिकलमधून स्वतः आणलेली सर्दीची गोळी, आयुर्वेदिक-होमिओपॅथीची औषधे, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी, सगळे. या पिशवीत कारण सापडते असा आमचा वारंवार अनुभव आहे. क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दीच्या गोळ्या, नसांच्या दुखण्यासाठी किंवा झोपेसाठी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलीन, कंपासाठीची ट्रायहेक्सीफेनिडिल, पोटातल्या कळांसाठीची डायसायक्लोमिन, वारंवार लघवी होते म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन, ही सगळी औषधे अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाचे काम अडवतात. स्मरणाला तेच रसायन लागते आणि अल्झायमरमध्ये तेच कमी पडलेले असते. एकेक गोळी फारशी जाणवत नाही. वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या तीन एकत्र आल्या की म्हातारा माणूस गोंधळून जातो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या वा चिंतेच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर त्यांनीही स्मरण मंदावते आणि पडण्याचा धोका वाढतो. पण त्या एकदम बंद करू नका. एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून आठवड्या-आठवड्यांनी कमी करत न्याव्या लागतात. शुगरसाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असून जेवणाचा नेम राहिला नसेल, तर शुगर उतरून गोंधळ होतो. अशा रुग्णात शुगरचे उद्दिष्ट थोडे सैल करावे का, हे आवर्जून विचारा. मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल अनेक वर्षे घेतल्याने बी-१२ हे जीवनसत्त्व कमी होऊ शकते, तेही याच पिशवीतून कळते.

सोबत चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी घ्या. हे किरकोळ वाटेल, पण ऐकू न आल्यामुळे चुकलेली उत्तरे स्मृतिभ्रंशाच्या खात्यात जमा झालेली आम्ही पाहतो. कानात मळ असेल तर आधी तो काढून घ्यावा. मोतीबिंदू पिकलेला असेल तर त्याची शस्त्रक्रिया ‘आता या वयात कशाला’ म्हणून टाळू नये. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ जोखमींत ऐकू कमी येणे आणि दृष्टी कमी होणे, दोन्ही धरली आहेत.

माणूस दवाखान्यात यायलाच तयार नसतो, ही तक्रार घरोघरी आहे. ‘तुमचं डोकं तपासायला चला’ म्हटले तर कोण येईल? बीपी, शुगर आणि वर्षाची तपासणी करून घेऊ, असे सांगावे; ते खोटेही नाही, कारण या तपासण्या खरोखर करायच्याच असतात. वेळ सकाळची घ्या, संध्याकाळी गोंधळ वाढतो. तरीही येत नसतील तर घरच्यांनी कागद आणि पिशवी घेऊन एकदा एकटे भेटून यावे.

केबिनमध्ये डॉक्टरांनी आधी रुग्णाशी बोलावे आणि घरच्यांनी गप्प बसावे. ‘बाबा, सांगा ना, आज गुरुवार आहे ना?’ अशी मदत केल्याने तपासणी वाया जाते. घरून उत्तरे पाठ करून आणल्यानेही तेच होते. स्मरणाच्या चाचण्यांत साधारण ३० गुण असतात. वार, महिना, ठिकाण विचारतात, तीन किंवा पाच शब्द सांगून काही मिनिटांनी परत विचारतात, शंभरातून सात-सात वजा करायला लावतात, घड्याळ काढायला लावतात. शाळेत न गेलेल्या आजींना वजाबाकी येत नाही आणि हातात पेन्सिल धरायची सवय नसते. त्यांचे गुण त्यामुळे कमी येतात. निवृत्त प्राध्यापकाला आजार सुरू होऊनही २८ गुण मिळू शकतात. म्हणून गुणांसोबत शिक्षणाचा विचार झाला का, हे डॉक्टरांना विचारायला संकोच नको. न शिकलेल्यांसाठी वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायला लावणे, बाजारहाटाचा तोंडी हिशेब विचारणे, असे पर्याय असतात. आजींनी महिना ‘श्रावण’ सांगितला आणि तो बरोबर असेल तर उत्तर बरोबरच धरायला हवे. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्यांना प्रश्न त्यांच्या बोलीत समजावा. कोणती चाचणी घेतली आणि किती गुण पडले, हे केसपेपरवर लिहून घ्या. सहा महिन्यांनी तीच चाचणी घेतली तरच तुलना करता येते.

मन खचलेले माणूसही विसरते. नवरा किंवा बायको गेल्यानंतर, निवृत्तीनंतर, मोठ्या आजारपणानंतर सुरू झालेले विसरणे, त्यासोबत भूक जाणे, पहाटे लवकर जाग येणे, ‘मला काही आठवत नाही’ असे रुग्णाने स्वतःच सारखे बोलून दाखवणे, अशा वेळी उदासीनतेचा आजार आहे का, हे पाहावे लागते. त्यावर उपचाराने बराच फरक पडतो. दारूचे प्रमाणही खरे सांगावे. किती आणि किती वर्षे, हे लपवले तर थायमिनची (बी-१ जीवनसत्त्वाची) कमतरता डॉक्टरांच्या नजरेतून सुटून जाते.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन-सीबीसी, बी-१२, थायरॉइडची टीएसएच, सोडियम, कॅल्शियम, शुगर, क्रिएटिनिन आणि यकृताची तपासणी इतके असावे. गरजेनुसार सिफिलिस आणि एचआयव्हीचीही. या जिल्हा रुग्णालयात होण्यासारख्या आहेत. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणे नेहमीचे. कमी निघाले तर इंजेक्शने किंवा गोळ्या घ्याव्यातच, पण ‘सापडलं कारण’ म्हणून तिथे थांबू नये. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून पाहावे, कारण बी-१२ ची कमतरता आणि अल्झायमर दोन्ही एकाच माणसात असू शकतात.

डोक्याचा सीटी किंवा एमआरआय एकदा करावा. त्यातून मुख्यतः तीन गोष्टी पाहायच्या असतात. पडल्यानंतर काही आठवड्यांनी कवटीखाली साचलेले रक्त, विशेषतः अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत, गाठ, आणि मेंदूतल्या पोकळ्यांत साठलेले पाणी, ज्यात पाय जमिनीला चिकटल्यासारखे चालणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विसरणे हे तिन्ही एकत्र येते. यांवर शस्त्रक्रियेने उपाय होऊ शकतो. म्हणून मागच्या तीन-चार महिन्यांत कधी पडले होते का, हे कागदावर अवश्य लिहा, डोक्याला लागलेले दिसले नसले तरी. रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार मेंदू आक्रसला आहे’ अशा अर्थाची ओळ वाचून अनेक घरे घाबरतात. सत्तरीनंतर ती ओळ कितीतरी धडधाकट माणसांच्या रिपोर्टमध्येही असते. केवळ तिच्यावरून निदान होत नाही, आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून आजार नाही असेही ठरत नाही.

दुसऱ्या भेटीत, रिपोर्ट आल्यावर, हे प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून घ्या: हा स्मृतिभ्रंश आहे की त्याच्या आधीची सौम्य अवस्था? कोणत्या प्रकारचा वाटतो आणि कशावरून? बरी होण्यासारखी कोणती कारणे तपासून झाली, कोणती राहिली? पिशवीतले कोणते औषध बंद करायचे? पुढची भेट केव्हा, आणि मधेच काय दिसले तर लगेच यायचे? सौम्य अवस्थेत असलेल्या सर्वांनाच पुढे स्मृतिभ्रंश होतो असे नाही. काहींचे वर्षानुवर्षे तसेच राहते, काहींचे सुधारते. पण सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा तपासायला हवे.

आता सर्वांत अवघड भाग. ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका’ ही विनवणी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक घर करते. त्यामागे प्रेम आहे, हे आम्हाला दिसते. तरीही आमचे ठाम मत आहे की सुरुवातीच्या टप्प्यात रुग्णाला सांगावे. तो काही अजाण नसतो. आपले काहीतरी बिनसले आहे हे त्याला बहुधा घरच्यांच्या आधी कळलेले असते, आणि कुणी काहीच बोलत नाही म्हणून तो मनातल्या मनात कुढत असतो. डॉक्टरांनी आधी विचारावे, ‘तुम्हाला स्वतःला काय वाटतं, काय होतंय?’ मग, ‘तपासणीत जे निघालं ते तुम्हाला सांगू, की मुलीला सांगू?’ नको म्हणाले तर तो त्यांचा अधिकार. हो म्हणाले तर साधे बोलावे: ‘आजी, तुमच्या विसरण्याला कारण आहे. हा मेंदूचा आजार आहे, तुमची चूक नाही. पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, पण त्रास कमी करता येतो, आणि आम्ही सोबत आहोत.’ एका भेटीत इतके पुरे. आजाराचे टप्पे, शेवटी काय होते, हे त्याच दिवशी सांगण्याची गरज नसते. ज्यांचा आजार पुढे गेला आहे, त्यांना पुन्हापुन्हा निदान सांगण्यात मात्र अर्थ नाही. प्रत्येक वेळी तो धक्का नव्याने बसतो.

वेळेवर सांगण्याला व्यवहाराचीही बाजू आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार माणसाला आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधी नेमता येतो. पण तसा निर्णय घेण्याची क्षमता असतानाच. मृत्युपत्रासाठी करणारा सुबुद्ध असावा लागतो आणि दोन साक्षीदार लागतात. त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडले तर पुढचे वाद टळण्यास मदत होते. अनेक घरे कुलमुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. आपल्या कायद्यात करून देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की साधे कुलमुखत्यारपत्र संपुष्टात येते, आणि मग पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. म्हणून डॉक्टरांना विचारा: ‘आज हे आर्थिक निर्णय समजून घेऊ शकतात का?’ क्षमता प्रत्येक निर्णयापुरती वेगळी तपासायची असते. शेत विकण्याचा व्यवहार न समजणारी व्यक्ती आपली काळजी कुणी घ्यावी हे नीट सांगू शकते.

औषधांबद्दल अपेक्षा सरळ ठेवाव्यात. अल्झायमरसाठी दिले जाणारे डोनेपेझिल साधारण ५ मिलिग्रॅमने सुरू करतात, चार ते सहा आठवड्यांनी सोसत असेल तर १० करतात. मळमळ, जुलाब, वाईट स्वप्ने पडू शकतात. स्वप्ने पडत असतील तर गोळी रात्रीऐवजी सकाळी देता येते का, ते विचारावे. नाडी मंद होऊ शकते, म्हणून आधी ईसीजी काढणे चांगले, आणि चक्कर येऊन पडले तर ताबडतोब कळवावे. रिव्हास्टिग्मिनची पट्टी लावत असाल तर रोज जुनी काढूनच नवी लावा, जागा बदलत राहा, घाम पुसून कोरड्या त्वचेवर, शक्यतो पाठीवर लावा म्हणजे रुग्ण ओढून काढत नाही. जुनी काढायची राहिली आणि अंगावर दोन-तीन पट्ट्या जमल्या तर औषधाचा अतिरेक होऊन उलट्या, मंद नाडी आणि बेशुद्धीपर्यंत वेळ येते. मेमँटिन मध्यम आणि पुढच्या टप्प्यात, ५ मिलिग्रॅमपासून आठवड्या-आठवड्याने २० पर्यंत वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. ही औषधे आजार थांबवत नाहीत. काहींत काही काळ घसरण मंदावते, लक्ष सुधारते, चिडचिड कमी होते. तीन-चार महिन्यांनी ‘उपयोग दिसतो का, चालू ठेवायचे का?’ हे विचारावे, मनाने बंद करू नये. शस्त्रक्रिया ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना डोनेपेझिल चालू असल्याचे आधी सांगा.

एक चूक वारंवार घडते. डोनेपेझिलमुळे लघवीची घाई वाढते. घरचे दुसऱ्या डॉक्टरांकडे जातात, ते लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन देतात. एक गोळी अ‍ॅसिटिलकोलीन वाढवते, दुसरी त्याचे काम अडवते. पैसे दोन्हींचे जातात आणि गोंधळ वाढतो. नवे लक्षण दिसले की ते आधीच्या औषधाचे असेल का, हे पहिल्यांदा विचारा. सिटिकोलिन, पिरासिटॅम, ब्राह्मीच्या गोळ्या यांनी स्मृतिभ्रंश थांबतो असा भक्कम पुरावा नाही. त्यावर महिन्याचे बजेट घालवण्यापेक्षा दिवसभर सोबतीला माणूस ठेवता आला तर ठेवावा. अमेरिकेत २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबबद्दल बरेच जण विचारतात. ते सुरुवातीच्या अल्झायमरसाठीच आहे, मेंदूत अ‍ॅमिलॉइड हे प्रथिन साचले असल्याचे सिद्ध व्हावे लागते, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावे लागते आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे पाहायला पुन्हापुन्हा एमआरआय काढावे लागतात.

रात्रीचा आरडाओरडा, मारणे, पळून जाणे सुरू झाले की घरे ‘शांत करणारी गोळी’ मागतात. मागण्याआधी डॉक्टरांना सांगा: पोट साफ होऊन किती दिवस झाले, लघवी करताना दुखते का, दात-गुडघे दुखतात का, खोलीत अंधार असतो का, आरडाओरडा नेमका कधी आणि कशानंतर सुरू होतो. कारण अनेकदा तिथेच असते. तरीही रिस्पेरिडोन किंवा क्वेटियापिन द्यावे लागले तर कोणत्या त्रासासाठी, किती मिलिग्रॅम आणि कधी थांबवायचे, हे चिठ्ठीवर लिहून मागा. या औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांत पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. सहा ते बारा आठवड्यांनी ती कमी करता येतील का, हे पाहायलाच हवे. माणसे दिसणे आणि अंग आखडणे ही लेवी बॉडीची लक्षणे असतील तर हॅलोपेरिडॉलसारखे औषध जिवावर बेतू शकते. रात्रीच्या वेळी दुसऱ्याच रुग्णालयात न्यावे लागले तर तिथल्या डॉक्टरांना हे कळावे म्हणून केसपेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

जो सांभाळतो त्याने स्वतःबद्दलही बोलावे. ‘मला तीन महिने सलग झोप नाही’ हे वाक्य रुग्णाच्या उपचारांचाच भाग आहे, कारण सांभाळणारा आजारी पडला की घर कोसळते. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे दोन्ही क्रमांक विनामूल्य आहेत. ‘एआरडीएसआय’ ही १९९२ पासून काम करणारी अल्झायमरविषयक राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या शाखांमधून सांभाळणाऱ्यांना माहिती आणि आधार मिळू शकतो. सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारतमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी. ओपीडीच्या भेटी, महिन्याची औषधे आणि घरी ठेवलेल्या मावशींचा पगार, म्हणजे या आजाराचा खरा खर्च, त्यात येत नाही. सरकारने याकडे पाहावे, असे आम्हाला वाटते.

आपल्या दैनिकाकडे एक मागणे आहे. प्रत्येक जिल्हा आवृत्तीत महिन्यातून एकदा इतकीच माहिती छापावी: जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी असते, ज्येष्ठांची ओपीडी कोणत्या वारी, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो, बी-१२ आणि टीएसएच तिथे होतात का, आणि डोनेपेझिल औषधखिडकीवर मिळते की बाहेरून आणावे लागते. खेड्यातून एसटीने येणाऱ्या माणसाचा एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी त्यामुळे वाचेल.

आपले नम्र,
स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसोबत काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका आणि समुपदेशक
पुणे